युद्धकाळातील यष्टिरक्षक : दत्ताराम हिंदळेकर यांच्या क्रीडाकारकिर्दीचा एक अभ्यास

सारांश

दुसऱ्या महायुद्धाने जगभरातील खेळाडूंच्या एका संपूर्ण पिढीची उमेदीची वर्षे हिरावून घेतली. इंग्लंडमधील फुटबॉलचे गोलरक्षक हे या हानीचे ठळक उदाहरण मानले जाते. महाराष्ट्रात या प्रकारचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे मुंबईचे यष्टिरक्षक दत्ताराम धर्माजी हिंदळेकर (१९०९-१९४९) होय. १९३६ आणि १९४६ या दोन्ही इंग्लंड दौऱ्यांत ते भारताचे पहिल्या पसंतीचे यष्टिरक्षक होते. तथापि त्यांच्या नावावर केवळ चार कसोटी सामने आहेत. हा आकडा त्यांच्या गुणवत्तेचा निदर्शक आहे की काळाचा, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. अधिकृत आकडेवारीवरून खेळाडूचे मूल्यमापन करण्याच्या आजच्या पद्धतीशी या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे, हे लेखाच्या अखेरीस स्पष्ट केले आहे.

महत्त्वाचे शब्द : यष्टिरक्षण, गोलरक्षण, दुसरे महायुद्ध, रणजी करंडक, पंचरंगी सामने, क्रीडा-मूल्यमापन.

१. प्रस्तावना

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याला क्रिकेट नवे नाही. श्रीरामपूरचे झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचे अजिंक्य रहाणे यांची नावे आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या ओठांवर असतात. या खेळाडूंची कारकीर्द विद्यार्थी आकड्यांतून सांगतात : इतके सामने, इतके बळी, इतक्या धावा. आकड्यांची ही भाषा सोयीची असली तरी ती एक गोष्ट गृहीत धरते. खेळाडू खेळण्यास समर्थ होता त्या काळात खेळण्याची संधीही उपलब्ध होती, हे ते गृहीतक होय. १९३९ ते १९४५ या काळातील खेळाडूंच्या बाबतीत हे गृहीतक मुळातच कोसळते.

या काळाची आठवण नगर शहरात आजही उभी आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ आंदोलनाचा ठराव होताच पंडित जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल आदी नेत्यांना अटक करून अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९४४ मध्ये याच किल्ल्यात लिहिला. त्याच वर्षांत मुंबई-पुण्याच्या मैदानांवर मात्र क्रिकेट चालू होते आणि शेकडो धावांचे डोंगर उभे राहत होते. एकीकडे तुरुंग आणि रणांगण, दुसरीकडे खचाखच भरलेली मैदाने, अशा विसंगत काळात हिंदळेकर यष्ट्यांमागे उभे होते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) दत्ताराम हिंदळेकर यांच्या कारकिर्दीचा कालक्रमानुसार परिचय करून देणे.
२) युद्धकाळातील इंग्लिश गोलरक्षकांच्या कारकिर्दीशी तिची तुलना करणे.
३) युद्धाने नेमके काय हिरावले आणि कोणत्या हानीचे कारण युद्ध नव्हते, याचा वेगवेगळा विचार करणे.
४) खंडित कारकिर्दीचे मूल्यमापन कसे करावे, याविषयी काही निष्कर्ष मांडणे.

३. गोलरक्षक आणि यष्टिरक्षक : कामाचे साधर्म्य

फुटबॉल आणि क्रिकेट हे भिन्न प्रकृतीचे खेळ असले तरी गोलरक्षक आणि यष्टिरक्षक या दोन भूमिकांत लक्षणीय साम्य आहे. दोघांचेही काम मूलतः रक्षणाचे आहे. संघातील इतर सहकाऱ्यांना नसलेली एक मुभा दोघांनाही असते. गोलरक्षक आपल्या क्षेत्रात चेंडूला हात लावू शकतो, तर क्षेत्ररक्षकांपैकी केवळ यष्टिरक्षकाला हातमोजे वापरता येतात. या सवलतीची किंमतही दोघांना सारखीच मोजावी लागते. आघाडीच्या खेळाडूची चूक विसरली जाते. रक्षकाची चूक थेट फलकावर चढते. गोलरक्षकाच्या हातून निसटलेला चेंडू गोल ठरतो, यष्टिरक्षकाच्या हातून निसटलेला चेंडू ‘बाय’ म्हणून नोंदला जातो किंवा सुटलेला झेल म्हणून लोकांच्या स्मरणात राहतो. मात्र दिवसभरात बिनचूक टिपलेल्या शेकडो चेंडूंची नोंद कोणत्याही धावफलकात नसते.

या कारणाने रक्षकाची गुणवत्ता आकड्यांतून पुरेशी व्यक्त होत नाही. तिचे खरे प्रमाणपत्र म्हणजे निवड समितीने त्याच्यावर पुनःपुन्हा टाकलेला विश्वास. हिंदळेकरांचा विचार करताना हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

त्या काळातील साधनांचाही येथे विचार केला पाहिजे. शिरस्त्राण नव्हते. हातमोजे आजच्या मानाने पातळ होते. देशातील अनेक सामने मातीच्या खेळपट्टीवर चटई अंथरून खेळले जात आणि चटईवर चेंडूची उसळी वेगळी असे. गवताच्या खेळपट्टीवर जाताना यष्टिरक्षकाला उभे राहण्याची जागा, बसण्याची ढब आणि हातांची वेळ हे सारे नव्याने बसवावे लागे. बोटे मोडणे ही या व्यवसायातील नित्याची बाब होती.

४. आरंभ आणि १९३६ चा दौरा

दत्ताराम हिंदळेकर यांचा जन्म १ जानेवारी १९०९ रोजी झाला. त्यांचे कुटुंब कोकणातील, शेतकरी. त्यांचे क्रिकेट मात्र मुंबईत घडले. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या दोन्ही वर्षी मुंबईने ती जिंकली. हिंदळेकर मुंबईकडून आणि जातवार संघांच्या सामन्यांत हिंदू संघाकडून खेळत.

१९३६ मध्ये विजयानगरमच्या महाराजकुमारांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. अंतर्गत बेबनावामुळे हा दौरा विशेष गाजला; लाला अमरनाथ यांना दौरा अर्धवट सोडून परत पाठविण्यात आले, ही घटना सर्वश्रुत आहे. अशा वातावरणात २७ जून १९३६ रोजी लॉर्ड्स मैदानावर हिंदळेकरांनी कसोटी पदार्पण केले. यष्टिरक्षणाबरोबरच विजय मर्चंट यांच्या साथीने डावाची सुरुवात करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर होती. पहिल्या डावात त्यांनी २६ आणि दुसऱ्या डावात १७ धावा केल्या. भारताच्या १४७ धावांना उत्तर देताना इंग्लंडचा डाव १३४ धावांत आटोपला. अमरसिंग यांनी ३५ धावांत ६ बळी घेतले. दुसऱ्या डावात भारत ९३ धावांत गारद झाला आणि इंग्लंडने सामना नऊ गडी राखून जिंकला.

भारताच्या दोन्ही डावांतील धावसंख्या लक्षात घेता सलामीवीर म्हणून हिंदळेकरांची कामगिरी उपेक्षणीय नव्हती. तथापि बोटाच्या हाडाला झालेली इजा आणि दृष्टीचा त्रास यांमुळे त्यांना पुढील कसोटी खेळता आली नाही. मँचेस्टरच्या दुसऱ्या कसोटीत यष्टिरक्षणाचे काम खुर्शेद मेहेरहोमजी यांच्याकडे गेले, तर सलामीला मर्चंट यांच्यासोबत मुश्ताक अली आले. या जोडीने दुसऱ्या डावात २०३ धावांची भागीदारी केली आणि भारतीय क्रिकेटच्या इतिहासात तिची नोंद झाली. एका यष्टिरक्षकाच्या बोटाची दुखापत या विख्यात भागीदारीच्या मुळाशी होती, ही बाब मात्र फारशी सांगितली जात नाही.

त्या वेळी हिंदळेकर सत्तावीस वर्षांचे होते. यष्टिरक्षकाचा उत्तम काळ या वयापासून सुरू होतो असे सामान्यतः समजले जाते. त्यांना पुढची कसोटी खेळण्यासाठी मात्र २२ जून १९४६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, वाट पाहावी लागली.

५. मधली दहा वर्षे

या दहा वर्षांचा सगळा दोष युद्धावर टाकणे अनैतिहासिक ठरेल. युद्ध सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वीच्या तीन वर्षांतही भारताला एकही अधिकृत कसोटी मिळाली नव्हती. १९३७-३८ मध्ये लॉर्ड टेनिसन यांचा संघ भारतात आला, पण त्या सामन्यांना अधिकृत दर्जा नव्हता. तेव्हा भारत हा कसोटी खेळणाऱ्या देशांतील नवखा, वसाहतीच्या दर्जाचा देश होता आणि त्याच्या वाट्याला येणारे सामने मुळातच विरळ होते. युद्धाने जे थेट हिरावले ते म्हणजे १९३९-४० च्या हंगामात ठरलेला एम.सी.सी. संघाचा भारत दौरा. तो रद्द झाला. त्या हंगामात हिंदळेकर एकतीस वर्षांचे झाले. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत अधिकृत कसोटी क्रिकेट जगात कोठेही झाले नाही.

देशांतर्गत क्रिकेट मात्र थांबले नाही. इंग्लंडमध्ये काउंटी स्पर्धा स्थगित झाली असताना भारतात रणजी करंडक दरवर्षी खेळला गेला. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या प्रा. दि. ब. देवधर यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना महाराष्ट्राला १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन वेळा विजेतेपद मिळवून दिले. मुंबईने १९४१-४२ आणि १९४४-४५ मध्ये ही स्पर्धा जिंकली. धावांचा तर पूर लोटला होता. विजय हजारे यांनी १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. विजय मर्चंट यांनी १९४३-४४ मध्ये महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढल्या. १९४०-४१ मध्ये पुण्यात महाराष्ट्राच्या ६७५ धावांना मुंबईने ६५० धावांचे उत्तर दिले. १९४४-४५ च्या मुंबई विरुद्ध होळकर या अंतिम सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २,०७८ धावा झाल्या.

या सर्व विक्रमांची चर्चा फलंदाजांच्या बाजूने होते. यष्टिरक्षकाच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. सहाशे-सातशे धावांचा डाव म्हणजे उन्हात दोन-अडीच दिवस प्रत्येक चेंडूला वाकणे व उठणे, आणि एवढ्या काळात क्वचित येणाऱ्या एखाद्या झेलासाठी लक्ष ढळू न देणे. फलंदाजांचा सुवर्णकाळ हा यष्टिरक्षकांच्या दृष्टीने कष्टाचा काळ होता.

याच काळात जातवार क्रिकेटवर नैतिक प्रश्नचिन्हही उभे राहिले. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘रेस्ट’ या संघांच्या पंचरंगी स्पर्धेला मुंबईत अफाट गर्दी होत असे. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याच्या प्रतिनिधींनी वर्ध्याला जाऊन गांधीजींची भेट घेतली. जगात युद्धाचा संहार चालू असताना आणि सत्याग्रही तुरुंगात असताना अशा करमणुकीविषयी आपल्याला सहानुभूती वाटत नाही, तसेच खेळात जातीय विभागणी नसावी, असे मत गांधीजींनी व्यक्त केले. १९४२-४३ मध्ये ही स्पर्धा झाली नाही. १९४५-४६ नंतर ती कायमची बंद करण्यात आली. हा निर्णय योग्यच होता. परंतु इतर मोठ्या सामन्यांचा अभाव असल्यामुळे हिंदळेकरांसारख्या खेळाडूच्या दृष्टीने ही स्पर्धा म्हणजे हजारो प्रेक्षकांसमोर आपली पात्रता सिद्ध करण्याची मोजकीच संधी होती, हेही तितकेच खरे. जाहीर तत्त्व आणि खेळाडूची व्यक्तिगत गरज यांतील हा ताण त्या पिढीला टाळता आला नाही.

हिंदळेकर मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा सुमारे ८० रुपये पगारावर नोकरी करीत. महायुद्धाची झळ या बंदरालाही प्रत्यक्ष बसली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा भीषण स्फोट झाला आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. युद्ध दूर कोठेतरी चालू आहे, या समजुतीला त्या दिवशी मुंबईत तडा गेला.

६. इंग्लंडमधील समांतर उदाहरणे

या ठिकाणी इंग्लंडमधील गोलरक्षकांकडे वळणे उपयुक्त ठरेल. १९३९-४० च्या हंगामात इंग्लिश फुटबॉल लीगच्या अवघ्या तीन फेऱ्या झाल्यावर स्पर्धा रद्द झाली; ती पूर्ववत सुरू व्हायला १९४६-४७ उजाडले. मधल्या काळात प्रादेशिक सामने झाले, इंग्लंडचा संघही खेळला, परंतु त्या आंतरराष्ट्रीय सामन्यांना अधिकृत मान्यता मिळाली नाही.

चेल्सीचे व्हिक वुडली यांनी १९३७ ते १९३९ या काळात इंग्लंडकडून १९ सामने खेळले. युद्ध सुरू झाले तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. त्यानंतर त्यांना एकही अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना मिळाला नाही. मँचेस्टर सिटीचे फ्रँक स्विफ्ट (जन्म १९१३) यांनी विसाव्या वर्षी, १९३४ मध्ये, एफ.ए. कप जिंकला होता आणि अंतिम सामन्याची शिट्टी वाजताच ताणामुळे ते मैदानावरच मूर्च्छित झाले होते. १९३६-३७ च्या लीग विजेतेपदातही त्यांचा मोठा वाटा होता. तरीही पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळण्यासाठी त्यांना सप्टेंबर १९४६ पर्यंत थांबावे लागले. त्यांचेही अधिकृत सामने १९ च. युद्धकाळातील व विजयोत्सवातील अनधिकृत सामने धरले तर त्यांत आणखी १४ सामन्यांची भर पडते. १९४८ मध्ये तुरिन येथे इटलीविरुद्ध त्यांनी इंग्लंडचे नेतृत्व केले आणि संघाने ४-० असा विजय मिळविला. चार्लटनचे सॅम बार्ट्रम यांनी तर क्लबसाठी सहाशेहून अधिक सामने खेळले, पण त्यांच्या नावावर एकही अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना नाही.

वुडली आणि स्विफ्ट यांच्या नावापुढील १९ हा आकडा सारखाच आहे. परंतु एकाचे सामने युद्धापूर्वीचे, तर दुसऱ्याचे युद्धानंतरचे. सारख्या आकड्यांमागे भिन्न वास्तव असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. युद्धाने क्रीडाक्षेत्रातून अनेकांचे प्राणही घेतले. इंग्लंडचे क्रिकेटपटू केन फार्न्स १९४१ मध्ये आणि हेडली व्हेरिटी १९४३ मध्ये मरण पावले. त्यांच्या तुलनेत ज्यांची केवळ वर्षे गेली ते भाग्यवानच म्हटले पाहिजेत. पण गेलेली वर्षे मोजायचीच नाहीत, असा याचा अर्थ होत नाही.

भारतीय क्रिकेट आणि इंग्लिश फुटबॉल यांना जोडणारा एक दुवा या काळात आपल्याकडेही वावरत होता. आर्सेनलचे फुटबॉलपटू आणि इंग्लंडचे फलंदाज डेनिस कॉम्प्टन सैन्यसेवेनिमित्त महू येथे होते. त्यांनी १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून नाबाद २४९ धावा केल्या. हेच कॉम्प्टन वर्षभराने इंग्लंडमध्ये हिंदळेकरांच्या समोर प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहणार होते.

७. १९४६ : मँचेस्टरची तेरा मिनिटे

१९४६ मध्ये पतौडीच्या नवाबांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. यष्टिरक्षक म्हणून हिंदळेकर आणि रावसाहेब निंबाळकर या दोघांची निवड झाली होती. हिंदळेकरांचे वय सदतीस वर्षांचे होते. तिन्ही कसोटींत यष्टिरक्षणासाठी त्यांनाच पसंती मिळाली. दहा वर्षांच्या खंडानंतर, तेही ज्या वयात बहुतेक यष्टिरक्षकांचे गुडघे साथ सोडतात त्या वयात, पुन्हा पहिली पसंती मिळणे हा त्यांच्या गुणवत्तेचा सर्वांत सबळ पुरावा होय.

मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरील दुसरी कसोटी २० ते २३ जुलै या दिवसांत झाली. बॉम्बहल्ल्यांत या मैदानाचे नुकसान झाले होते. इंग्लंडने २९४ धावा केल्या. मर्चंट व मुश्ताक अली यांनी १२४ धावांची सलामी देऊनही भारताचा डाव १७० धावांत संपला. दुसऱ्या डावात कॉम्प्टन यांच्या नाबाद ७१ धावांच्या बळावर इंग्लंडने ५ बाद १५३ वर डाव घोषित केला. भारतासमोर २७८ धावांचे लक्ष्य होते. अॅलेक बेडसर यांनी ५२ धावांत ७ बळी घेतले आणि भारताचे नऊ गडी बाद झाले. त्या वेळी पुण्याचे रंगा सोहोनी यांच्या साथीला हिंदळेकर आले. खेळ संपण्यास तेरा मिनिटे उरली होती आणि सर्व क्षेत्ररक्षक फलंदाजांभोवती जमा झाले होते. या अखेरच्या जोडीने ती तेरा मिनिटे खेळून काढली. सोहोनी ११ आणि हिंदळेकर ४ धावांवर नाबाद राहिले. धावसंख्या ९ बाद १५२. सामना अनिर्णित राहिला.

दहा वर्षांपूर्वी हिंदळेकर याच देशात डावाची सुरुवात करीत होते. १९४६ मध्ये ते शेवटच्या क्रमांकावर आले होते. फलंदाज म्हणून त्यांचे ओसरणे या क्रमांकांतून दिसते. पण रक्षकाचा पिंड मात्र बदललेला नव्हता. हातात मोज्यांऐवजी बॅट असताना त्यांनी त्या दिवशी जे केले तेही रक्षणच होते. धावफलकावरील ‘नाबाद ४’ या नोंदीचे मोल चार धावांचे नसून एका वाचविलेल्या कसोटीचे आहे.

ओव्हलची तिसरी कसोटी पावसाने वाहून गेली. या कसोटीत १२८ धावांवर खेळत असलेले मर्चंट धावबाद झाले. कॉम्प्टन यांनी वाकून चेंडू उचलण्याऐवजी पायानेच यष्ट्यांवर मारला होता. ऑगस्ट १९४६ मधील हा सामना हिंदळेकरांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात यष्टिरक्षणाची जबाबदारी जेनी इराणी व प्रबीर सेन यांच्याकडे गेली. चार कसोटी, ७१ धावा, तीन झेल, एवढाच अधिकृत हिशेब मागे राहिला.

८. अखेर

३० मार्च १९४९ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मुंबईत हिंदळेकरांचे निधन झाले. आर्थिक परिस्थिती बिकट होती आणि वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत. दोन वेळा देशाच्या संघातून इंग्लंडला जाऊन आलेल्या खेळाडूची ही अखेर होती. त्या काळी कसोटीपटूला खेळातून चरितार्थ चालविण्याजोगे उत्पन्न मिळत नसे. संस्थानिकांच्या पदरी राहणे किंवा एखाद्या आस्थापनेत लहानशी नोकरी करणे, हेच दोन मार्ग होते. खेळ संपला की पहिला मार्ग बंद होई आणि दुसरा अपुरा पडे.

स्विफ्ट यांनीही १९४९ मध्येच खेळातून निवृत्ती घेतली. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूंच्या वेतनावर १९६१ पर्यंत कमाल मर्यादा होती. त्यामुळे तेही धनाढ्य झाले नव्हते. परंतु त्यांना क्रीडापत्रकारितेचा मार्ग खुला झाला. त्या व्यवसायात असतानाच ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. खेळानंतरचे दुसरे आयुष्य स्विफ्ट यांना लाभले, हिंदळेकरांना लाभले नाही. हा फरक युद्धाने घडविलेला नाही. तो समाजाच्या व्यवस्थेचा आहे.

हिंदळेकरांचा वारसा कुटुंबात पुढे चालला. त्यांचे भाचे विजय मांजरेकर १९५१ मध्ये कसोटीपटू झाले आणि भारताच्या उत्कृष्ट फलंदाजांत गणले गेले. प्रसंगी त्यांनी यष्टिरक्षणही केले. त्यांचे पुत्र संजय मांजरेकर हेही कसोटी खेळले.

९. चर्चा

हिंदळेकरांचे उदाहरण एकटे नाही. विजय मर्चंट यांचे कसोटी पदार्पण १९३३ चे आणि अखेरची कसोटी १९५१ ची. अठरा वर्षांत त्यांना दहाच कसोटी मिळाल्या. विजय हजारे यांनी एकतिसाव्या वर्षी पदार्पण केले. नाशिकचे माधव मंत्री हे युद्धकाळात पुढे आलेले यष्टिरक्षक; त्यांना पहिली कसोटी तिसाव्या वर्षी मिळाली आणि एकूण चारच लाभल्या. प्रा. देवधर यांना तर एकही नाही. यांतील मर्चंट-हजारे यांची कीर्ती टिकली, कारण फलंदाजाचे देशांतर्गत विक्रम मोजता येतात. ज्यांचे काम मोजता येत नाही असे रक्षक मात्र विस्मृतीत गेले. म्हणजे युद्धाने सर्वांची संधी सारख्याच प्रमाणात हिरावली असली, तरी स्मृतीने सर्वांना सारखा न्याय दिला नाही.

या विवेचनाचे आजचे प्रयोजन काय, असा प्रश्न प्राध्यापक वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या महायुद्धातही खंड न पडलेली रणजी करंडक स्पर्धा कोविड-१९ च्या साथीमुळे २०२०-२१ मध्ये प्रथमच रद्द झाली. महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय पातळीवरील क्रीडास्पर्धाही ठप्प झाल्या. महाविद्यालयीन खेळाडूची कारकीर्द मुळातच तीन ते पाच वर्षांची. त्यांतील एक-दोन वर्षे गेली तर वयोमर्यादेमुळे ती परत मिळत नाहीत. दुसरीकडे राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्याचा लाभ मान्यताप्राप्त स्पर्धांतील प्राविण्याच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतो. ज्या वर्षी स्पर्धाच झाली नाही त्या वर्षीचे प्रमाणपत्र कोणी द्यावयाचे? हिंदळेकरांच्या पिढीपुढे हा प्रश्न ‘अधिकृत’ आणि ‘अनधिकृत’ सामन्यांच्या रूपाने उभा होता. आपल्या विद्यार्थ्यांपुढे तो नोकरीच्या अर्जाच्या रूपाने उभा आहे.

खेळाडूंच्या उत्तरायुष्याबाबत परिस्थिती काही अंशी सुधारली आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २००४ मध्ये माजी कसोटीपटूंसाठी मासिक निवृत्तिवेतन सुरू केले आणि २०२२ मध्ये त्याच्या रकमेत वाढ केली. परंतु ही सोय प्रामुख्याने वरच्या पायरीवर पोहोचलेल्यांसाठी आहे. कबड्डी, खो-खो किंवा कुस्तीत जिल्ह्याचे नाव काढून पुढे किरकोळ नोकरीत विसावलेल्या खेळाडूची अवस्था आजही पोर्ट ट्रस्टमधील त्या यष्टिरक्षकापेक्षा फार निराळी नसते.

१०. निष्कर्ष

१) हिंदळेकरांच्या नावावरील चार कसोटी हा आकडा त्यांच्या गुणवत्तेचा निदर्शक नसून उपलब्ध संधीचा निदर्शक आहे. १९३६ आणि १९४६ अशी दोनदा मिळालेली पहिली पसंती हेच त्यांच्या गुणवत्तेचे खरे प्रमाण होय.

२) दहा वर्षांच्या खंडास केवळ युद्ध कारणीभूत नव्हते, वसाहतकालीन भारताला मिळणारे विरळ सामने हेही तितकेच महत्त्वाचे कारण होते. त्यांच्या अकाली मृत्यूचे उत्तरदायित्व तर युद्धाकडे मुळीच जात नाही.

३) गोलरक्षक व यष्टिरक्षक यांच्या कार्याचा मोठा भाग नोंदींच्या बाहेर राहतो. त्यामुळे खंडित काळातील अशा खेळाडूंच्या मूल्यमापनात अनधिकृत सामने, देशांतर्गत सामने आणि निवडीचे सातत्य यांचा एकत्रित विचार व्हावयास हवा.

४) महाविद्यालयांच्या क्रीडाविभागांनी स्पर्धा रद्द झालेल्या वर्षांतील खेळाडूंच्या सरावाची, निवडचाचण्यांची व स्थानिक सामन्यांची नोंद जपून ठेवावी. अशी नोंद प्रमाणपत्राची जागा घेऊ शकणार नाही; परंतु ती नसेल तर त्या वर्षांत खेळाडू होता, एवढेही पुढे सिद्ध करता येणार नाही.

मँचेस्टरच्या त्या संध्याकाळी सोहोनी-हिंदळेकर जोडीने तेरा मिनिटे राखली. ती नोंदली गेली म्हणूनच आज आपल्याला ठाऊक आहेत. युद्धकाळातील उरलेल्या वर्षांची तशी नोंद उरली नाही. निदान आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तसे होऊ नये, इतकी दक्षता घेणे आपल्या हाती आहे.